फटफटीची गोधडी : द्वारका ते करोल बाग

दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला वसलेल्या द्वारका उपनगरातून मेट्रोची निळी मार्गिका निघते आणि उत्तम नगर, जनकपुरी, टिळक नगर, राजौरी गार्डन अशी स्थानके ओलांडत करोल बागेला पोहोचते. बहुसंख्य प्रवाशांच्या दृष्टीने हा घरापासून कचेरीपर्यंतचा रोजचा प्रवास आहे. जुन्या मोटारसायकलींच्या नादी लागलेल्या माणसासाठी मात्र याच मार्गिकेवर एक अख्खा कारखाना विखुरलेला आहे. राजौरी गार्डनला गाडी बदलली की मायापुरी, म्हणजे भंगाराचा बाजार. तसेच पुढे गेले की करोल बागेतील नाईवाला आणि हरध्यान सिंह मार्ग, म्हणजे बुलेटच्या सुट्या भागांची दुकाने आणि मिस्त्री. माती-चिखलात धावणारी, जुन्या धाटणीची, फोर-स्ट्रोक इंजिनाची मोटारसायकल ज्याला हवी असेल, त्याला ती दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. त्या काळी भारतात अशी गाडी कोणत्याही कारखान्याने सर्वसामान्यांसाठी बनवलीच नाही. ती एका गाडीचे इंजिन, दुसरीची चौकट, तिसरीचे पुढचे फोर्क आणि चौथीची चाके जमवून जोडावी लागते, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तशी.

अशा जोडगाडीकडे आज हौशी लोकांचा चाळा म्हणून पाहिले जाते. इतिहास पाहिला तर चित्र उलटे दिसते. माती तुडवणारी फोर-स्ट्रोक मोटारसायकल जन्मली ती जोडकामातून, आणि ती मरणाच्या दारातून परतली तीही जोडकामामुळेच. दिल्लीपुरते बोलायचे तर या शहराची एक पिढी जोडगाडीतूनच कामावर गेली.

त्या गाडीचे नाव फटफटी. मराठीत हा शब्द कोणत्याही मोटारसायकलीला लावला जातो. इंजिनाच्या आवाजावरून तो पडला हे सांगायला व्युत्पत्तिकोश उघडण्याची गरज नाही. दिल्लीत मात्र ‘फटफट सेवा’ म्हणजे एक विशिष्ट वाहन होते. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या डब्ल्यूएलए जातीच्या लष्करी मोटारसायकली युद्ध संपल्यावर अतिरिक्त ठरल्या आणि लिलावात निघाल्या. सुमारे ७४० घन सेंटीमीटरचे, दोन सिलिंडरांचे, फोर-स्ट्रोक इंजिन. झडपा सिलिंडरच्या बाजूला बसवलेल्या. दाब-गुणोत्तर इतके कमी की हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ते कुरकुरत नसे. १९४७ नंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीत पोट भरण्याची जी साधने उभी केली, त्यांत या मोटारसायकली होत्या. मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा आस आणि प्रवाशांची बैठक जोडली गेली. कॅनॉट प्लेस, करोल बाग, लाल किल्ला या भागांत ती वाहने दशकानुदशके धावली. मूळ इंजिने झिजली तेव्हा कित्येक फटफट्यांत शेतीपंपाच्या जातीची डिझेल इंजिने बसवली गेली. पुढचे फोर्क अमेरिकी, इंजिन भारतीय, मागचा सांगाडा गल्लीतल्या लोहाराचा. प्रदूषणावरील न्यायालयीन आदेशांच्या लाटेत १९९८ साली ती बंद झाली. तिच्या धुराविषयी हळहळण्याचे कारण नाही. पण पन्नास वर्षांत तिने दिल्लीच्या मिस्त्रींना जे शिकवले त्याची नोंद कोणत्याही तंत्रशाळेच्या अभ्यासक्रमात नाही. दोन परक्या यंत्रांचे आस एका रेषेत कसे आणायचे, नसलेला भाग लेथवर कसा उतरवायचा आणि कुठे वेल्डिंग करू नये, हे ते शिक्षण.

इंग्लंडमध्ये हेच शिक्षण खेळाच्या निमित्ताने झाले. १९२४ साली कॅम्बर्ले येथे मोटारसायकलींची एक शर्यत खडबडीत रानातून घेण्यात आली आणि तेव्हापासून या प्रकाराला ‘स्क्रॅम्बल’ हे नाव पडले. पुढे त्यालाच युरोपात मोटोक्रॉस म्हणू लागले. गंमत अशी की भारतात रुबाबाची सवारी म्हणून ओळखली जाणारी बुलेट याच रानवाटेने जगापुढे आली. रॉयल एनफिल्डने मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार देणारी, स्विंगआर्म असलेली नवी बुलेट १९४८ मध्ये कसोटी स्पर्धांत उतरवली. तोवर मागचे चाक चौकटीला घट्ट जखडलेले असे आणि धक्का सरळ स्वाराच्या मणक्यात जाई. स्विंगआर्ममुळे चाक जमिनीला चिकटून राहते हे अनेक जाणत्यांना पटत नव्हते. त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा-दिवसीय स्पर्धेत विजेत्या ब्रिटिश संघातील दोन बुलेट सुवर्णपदके घेऊन परतल्या. त्यामुळे बुलेटला चिखलात नेणारा आजचा कारागीर तिच्यावर अत्याचार करतो, ही तक्रार टिकत नाही. तो तिला माहेरी नेतो.

याच सुमारास स्वारांच्या लक्षात आले की कोणत्याही एका कंपनीची गाडी सर्वांगाने चांगली नाही. ट्रायम्फचे इंजिन ताकदवान, बीएसएची चौकट भक्कम, नॉर्टनचे फोर्क रेषा न सोडणारे. हॅम्पशायरमधील न्यू मिल्टनच्या डेरेक आणि डॉन रिकमन या भावांनी १९६० च्या आसपास हे तुकडे एकत्र आणले आणि त्या गाडीला नाव दिले ‘मेटिस’, फ्रेंच भाषेत संकरित. शिवी म्हणून वापरता येणारा शब्द त्यांनी टाकीवर मिरवला. काही वर्षांतच त्यांनी स्वतःची निकेल-मुलामा दिलेली नळ्यांची चौकट बनवली आणि ती इतकी नावाजली गेली की मोठ्या कंपन्यांची इंजिने तिच्यात बसण्यासाठी रांग लावू लागली.

भारतात १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचच्या मूळ कंपनीने मिळून एनफिल्ड इंडियाची स्थापना केली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. लष्कराला सीमेवरील खडतर वाटांसाठी गाडी हवी होती, हे त्यामागचे मोठे कारण. ३५० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर, धाव ९० मिलिमीटर आणि घनफळ ३४६ घन सेंटीमीटर. ब्रिटनमधील उत्पादन १९७० पर्यंत संपले, भारतातले चालू राहिले, आणि त्यामुळे जगात इतरत्र संग्रहालयात गेलेले यंत्र करोल बागेत रोजच्या दुरुस्तीचा विषय म्हणून उरले.

जोडकामाच्या दृष्टीने जुन्या बुलेटचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स हे दोन वेगळे डबे आहेत. नंतरच्या जपानी घडणीच्या इंजिनांत दोन्ही एकाच ओतीव कवचात असतात. त्यातले एक बदलायचे तर दुसरेही येते. बुलेटमध्ये प्रत्येक अवयव सुटा उघडतो. दुसरा गुण म्हणजे तिचे इंजिन स्वतःच चौकटीचा भाग आहे. चौकटीच्या नळ्या खालून पूर्ण वळसा घालत नाहीत, इंजिनाचे कवच ती पोकळी भरून काढते. रस्त्यावर हे ठीक. दगडावर गाडी आदळली तर मात्र घाव थेट अॅल्युमिनियमच्या कवचावर बसतो, म्हणून खाली जाड पत्र्याचे संरक्षण लावणे हे पहिले काम. १९ इंची पुढच्या चाकाच्या जागी २१ इंची चाक आणले की अडथळ्यावर चढण्याचा कोन सौम्य होतो. पण त्याबरोबर पुढचा भाग उचलला जातो आणि हँडलचा स्वभावही बदलतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. इतर गाड्यांवर पाय घडलेल्या स्वाराला चढावावर ही अदलाबदल फार महागात पडते.

गिअरचे गणित त्या मानाने सोपे आहे. गिअरबॉक्सच्या तोंडाशी १७ दात्यांच्या स्प्रॉकेटऐवजी १५ दात्यांचे लावले, तर मागच्या चाकावर मिळणारा पीळ सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच इंजिनगतीला मिळणारा वेग सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. रानात वेग नको असतो, पीळ हवा असतो. मागचे दाते वाढवूनही हेच साधते. परंतु जुन्या बुलेटचे मागचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ढोलाशीच एकजीव ओतलेले असल्यामुळे मिस्त्री पुढचेच बदलणे पसंत करतात.

खरी डोकेदुखी आट्यांची. बाहेरून पाहणाऱ्याला बोल्ट म्हणजे बोल्ट. प्रत्यक्षात त्याच्या आट्यांत शंभर वर्षांचा औद्योगिक इतिहास कोरलेला असतो. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी ब्रिटनसाठी आट्यांचे पहिले व्यापक प्रमाण मांडले. त्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाने, सायकलींतून जन्म झाल्यामुळे, आणखी एक तिसरी पद्धत जपली : सायकल आटे, कोन ६० अंश, इंचाला २६. भारताने वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये केला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. नेमक्या त्याच वर्षांत तिरुवोट्टियूरला इंचांतल्या आराखड्यांवरून बुलेट बनू लागली होती. देश मिलिमीटरांत आणि गाडी इंचांत.

याचा परिणाम हातात पाना घेतल्यावर कळतो. ५/१६ इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर. जपानी घडणीच्या गाडीतला ८ मिलिमीटरचा नट त्यावर ठेवला तर फरक डोळ्यांना दिसत नाही. बोल्टवर इंचाला २६ आटे म्हणजे दोन आट्यांतले अंतर ०.९७७ मिलिमीटर, बारीक मेट्रिक नटात ते १ मिलिमीटर. पहिले दोन-तीन फेरे नट गुमान चढतो. दर फेऱ्याला ०.०२३ मिलिमीटरचा फरक साठत जातो आणि मग तो अडतो. अनुभवी मिस्त्री इथे हात थांबवतो, नवशिका पाना दाबतो. दबलेला नट त्या वेळी घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण त्याने आटे कापलेले असतात आणि इंजिनाच्या थरथरीत काही दिवसांनी तो सुटतो. मागच्या चाकाच्या आसाशी हे घडले तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे चांगल्या जोडगाडीत दोन परक्या भागांच्या सीमेवर एक मधला तुकडा असतो : एका बाजूला इंची आटे, दुसऱ्या बाजूला मेट्रिक, लेथवर मुद्दाम उतरवलेला.

हा सगळा उपद्व्याप फोर-स्ट्रोकसाठीच का, असा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडावा. टू-स्ट्रोक इंजिन हलके, झडपांविना, आणि भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट देणारे. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. मिनिटाला ३,००० फेरे असताना एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला ५० धक्के देते, फोर-स्ट्रोक २५. हिशेबाने टू-स्ट्रोकच सरस ठरावे, आणि साठच्या दशकात ते ठरलेही. परंतु सैल मातीवर प्रश्न निव्वळ ताकदीचा नसतो, टायरने पकड धरण्याचा असतो. दोन धक्क्यांच्या मधल्या अवकाशात टायरला माती पुन्हा धरायला उसंत मिळते, आणि जड गतिपालक चाक त्या अवकाशात वेग पडू देत नाही. चढावावर बुलेट मंद लयीत, जणू दमादमाने पावले टाकत जाते, त्याचे रहस्य हेच. स्वारांमध्ये या पकडीविषयी श्रद्धा अधिक आणि मोजमापे कमी, हेही खरे.

१९६४ आणि १९६५ ची ५०० सीसी मोटोक्रॉस जागतिक अजिंक्यपदे जेफ स्मिथ यांनी बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर जिंकली. ते इंजिन २५० सीसीच्या साध्या रस्त्यावरच्या गाडीतून टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेले होते. पुढच्या वर्षी वजन घटवण्यासाठी बीएसएने टायटॅनियमची चौकट आणली. हा धातू पोलादाहून बराच हलका. पण तापलेला असताना हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून तो ठिसूळ होतो, म्हणून त्याचे वेल्डिंग निष्क्रिय वायूच्या आवरणातच करावे लागते. चौकट शर्यतीच्या मैदानावर तडकली की तिथे तिला जोडणारे कोणी नव्हते. १९६६ चे अजिंक्यपद चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड टू-स्ट्रोकवर पॉल फ्रीडरिक्स यांनी नेले आणि फोर-स्ट्रोकचे दिवस भरले. साध्या पोलादाची नळी, जी कोणत्याही गावच्या कार्यशाळेत सांधता येते, तिची किंमत अशा प्रसंगी कळते.

फोर-स्ट्रोक परत आले ते कारखान्याच्या नियोजनातून नव्हे. टॉर्स्टन हॉलमन आणि स्टेन लुंडिन या दोन माजी स्वीडिश जगज्जेत्यांनी यामाहाच्या एक्सटी-५०० या प्रवासी गाडीचे इंजिन घेतले आणि हुस्कवार्नाच्या धर्तीच्या चौकटीत बसवले. यातून जन्मलेल्या एचएल-५०० वर बेंग्ट ओबेरी १९७७ च्या जागतिक मालिकेत उतरले आणि लक्झेंबर्गमध्ये एक फेरी जिंकून गेले. ज्या इंजिनाला तज्ज्ञांनी निकालात काढले होते, ते परक्या चौकटीत बसल्यावर पुन्हा पळू लागले. फोर-स्ट्रोकने ५०० सीसीचे अजिंक्यपद पुन्हा मिळवले ते १९९३ मध्ये, जॅकी मार्टेन्स यांच्या हुस्कवार्नावर. मधे २८ वर्षे गेली.

भारतात ती वर्षे राजदूत, जावा आणि येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांची होती. १९८५ मध्ये दिल्लीच्या दक्षिणेला हरियाणातील धारुहेडा येथून हीरो होंडाची सीडी-१०० बाहेर पडली आणि सर्वसामान्य ग्राहकाला फोर-स्ट्रोक म्हणजे कमी पेट्रोल हे समीकरण कळले. नव्वदच्या दशकातील उत्सर्जन नियमांनी उरलेले काम केले. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळता निकासातून निसटतो, ही तिची उपजत खोड तिला भोवली. परिणामी आज भंगारात फोर-स्ट्रोकचे भाग विपुल आहेत.

भंगार म्हणजे मायापुरी. मोतिया खानचे भंगार व्यापारी सत्तरच्या दशकात इथे हलवले गेले. इथे वस्तूची ओळख पुसली जाते. गाडी येते, धातू उरतो. त्याची भीषण बाजू एप्रिल २०१० मध्ये देशाने पाहिली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९८५ पासून न वापरलेले गॅमा किरणांचे उपकरण लिलावात निघून मायापुरीत पोहोचले आणि फोडले गेले. आतला कोबाल्ट-६० उघडा पडला. एका कामगाराचा मृत्यू झाला, अनेकांना किरणोत्साराची इजा झाली. आंतरराष्ट्रीय मापनात ही घटना चौथ्या पातळीची नोंदली गेली. कागद हरवलेल्या वस्तूचे काय होते, याचे इतके क्रूर उदाहरण दुसरे नसेल. मोटारसायकलीच्या फोर्कमध्ये किरणोत्सार नसतो. पण तो वाकून सरळ केलेला आहे का, त्यात सूक्ष्म तडा आहे का, हे बाजार सांगत नाही. तडा शोधण्यासाठी रंगद्रव्याची चाचणी आहे : पातळ रंग तडीत शिरतो, वरून पुसून पांढरी भुकटी टाकली की रंग रेषेसारखा उमटतो. खर्च थोडा, वेळ तासाभराचा. ती न करता जुना फोर्क रानात नेणे हा शुद्ध अविचार होय.

कागदाचा प्रश्न कायद्यातही आडवा येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. दिल्लीत त्याशिवाय वयाचा अडसर : राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांना रस्ता नाकारला, आणि त्या आदेशांवरचा वाद पुढेही चालू राहिला. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली खरी; पण अट अशी की चौकट, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जुनी बुलेट वारसा ठरू शकते, तिच्यापासून बनलेली जोडगाडी ठरू शकत नाही, जरी तिचा प्रत्येक तुकडा पन्नास वर्षांचा असला तरी.

‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय : आस, चाके, जू की सांगाडा? परिवहन कार्यालयाने या प्रश्नाला व्यावहारिक उत्तर शोधले आहे. रथ म्हणजे चौकटीवर ठोकलेला क्रमांक. चोरीच्या गाड्यांचे भाग बाजारात खपतात, हे ध्यानात घेता त्या उत्तराला अर्थ आहे. रिकमन बंधूंना इथे काम करणे मात्र कठीण गेले असते.

द्वारकेतच, सेक्टर ३ मध्ये, नेताजी सुभाष प्रौद्योगिकी विद्यापीठ आहे. अशा संस्थांतील विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी चारचाकी रानगाडी बनवतात, तिथे कोणी त्यांना नोंदणीपत्र मागत नाही. गाडी बंदिस्त मार्गावर धावते आणि परीक्षक वेल्डिंगचा सांधा कापून तपासू शकतात. हौशी कारागिराला असा परीक्षक मिळत नाही. म्हणून जाणते लोक एक शिस्त पाळतात, जी संग्रहालयातील जतनकारही पाळतात : केलेला प्रत्येक बदल उलटवता आला पाहिजे. नोंदणी असलेल्या बुलेटची चौकट कापायची नाही, तिच्यावर नवे भोक पाडायचे नाही. फोर्क, चाक, निकासनळी, सगळे मूळ छिद्रांतच, मधले तुकडे घालून बसवायचे. यातून कायद्याचे समाधान होईलच असे नाही. पण गाडी रानातून परतल्यावर एका दिवसात ती पुन्हा मद्रासहून आली तशी होऊ शकते, आणि तोवर तिचे १९ इंची चाक, पत्र्याचे मडगार्ड आणि लांब सायलेन्सर तेलाच्या फडक्यात गुंडाळून, आट्यांच्या मापाची चिठ्ठी बांधून, घरातल्या माळ्यावर ठेवलेले असतात.